छातीवरचा मुका मार ‘किरकोळ’ मानू नये

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम सुरू झाला, की सीमाभागातील दैनिकांत अपघाताच्या बातम्या वाढतात. रस्त्याकडेला दिवे नसलेली उसाची ट्रॉली उभी असते, तिच्यावर मागून दुचाकी आदळते आणि बातमीच्या शेवटी ‘अन्य एक जण किरकोळ जखमी झाला’ असे एक वाक्य येते. त्या किरकोळ जखमीचे पुढे काय झाले, हे बहुधा छापून येत नाही. माझी सारी नोकरी शासकीय रुग्णालयांच्या क्ष-किरण विभागात आणि तीही बरीचशी बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात झाली. डोके फुटलेला माणूस आला की सगळे धावतात; छातीला मुका मार लागलेला माणूस मात्र स्वतःच्या पायांनी येतो, बाकावर बसतो आणि आपला नंबर येण्याची वाट पाहत राहतो. त्यांपैकी काहींच्या बरगड्यांच्या आत, फुप्फुसाभोवती, तेवढ्या वेळात रक्त साचत असते. याच एका धोक्याविषयी मी लिहीत आहे, कारण तो वेळेवर ओळखला तर त्यावरचा उपाय सोपा आहे आणि तो तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकतो.

फुप्फुसावर बाहेरून एक आणि छातीच्या भिंतीला आतून एक असे दोन पातळ पडदे असतात. त्यांच्यामध्ये अगदी थोडा द्रव असतो आणि दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटून राहाव्यात तसे हे पडदे एकमेकांना धरून राहतात. छाती फुगली की फुप्फुस तिच्याबरोबर फुगते ते यामुळेच. बरगडी मोडून तिचे टोक आत घुसले किंवा बरगडीखालची रक्तवाहिनी तुटली, तर या दोन पडद्यांच्या मधल्या जागेत रक्त उतरू लागते. डॉक्टर याला हिमोथोरॅक्स म्हणतात. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते आणि छातीच्या एकाच बाजूच्या या पोकळीत त्यातले ४० टक्के किंवा त्याहूनही जास्त रक्त मावू शकते. म्हणजे बाहेर एक थेंबही न सांडता माणसाचा रक्तस्राव जिवावर बेतण्याइतका होतो आणि त्याच वेळी साचलेल्या रक्ताने फुप्फुस दाबले जाऊन श्वासही अपुरा पडतो. फुप्फुसातून होणारा रक्तस्राव कमी दाबाचा असल्यामुळे तो बहुतेक वेळा आपोआप थांबतो. बरगड्यांमधल्या धमन्यांचे तसे नाही. त्यांत हृदयाकडून येणारा पूर्ण दाब असतो आणि त्या तुटल्या तर रक्त वाहतच राहते. कोणत्या रुग्णात यांपैकी काय झाले आहे, हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येत नाही.

यात सर्वांत जास्त फसवतो तो रक्तदाब. ‘बीपी नॉर्मल आहे, घाबरू नका’ हे वाक्य नातेवाइकांना मोठा धीर देते, पण तरुण आणि धडधाकट माणसाचे शरीर १५०० मिलिलिटरच्या आसपास रक्त जाईपर्यंत वरचा रक्तदाब सावरून धरू शकते. तोवर नाडी शंभरीपार गेलेली असते, श्वास जलद झालेला असतो, हातपाय गार पडलेले असतात, माणूस अस्वस्थ होऊन पाणी मागत असतो. या खुणा दिसत असताना केवळ यंत्रावरच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. वयस्कर रुग्णांत तर नाडीही फसवते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल घेणाऱ्यांची नाडी रक्त जात असतानाही वाढत नाही, आणि हृदयविकारानंतर क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन किंवा वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साध्या मारानेही बराच रक्तस्राव होतो. घरातल्या आजोबांची गोळ्यांची पिशवी दवाखान्यात सोबत न्यावी, असे मी ज्याला-त्याला सांगत असतो ते यासाठी.

असा मार केवळ महामार्गावरच लागतो असे नाही. पावसाळ्याच्या तोंडावर घराची शाकारणी करताना कौलांवरून पाय घसरतो, फणस काढताना फांदी मोडते, बांधावर ट्रॅक्टर कलंडतो, गोठ्यात बैल भिंतीला दाबून धरतो, जंगलालगतच्या शिवारात गवा अंगावर येतो. अशा वेळी घरी काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. आंबेहळद उगाळून लावली जाते, तेल लावून बरगड्या चोळल्या जातात आणि पंचाने छाती घट्ट आवळून बांधली जाते. लेप लावण्याने फारसे बिघडत नाही. मोडलेली बरगडी चोळल्यास मात्र तिचे टोक आत रुतू शकते, आणि आवळून बांधल्यास श्वास उथळ होतो, खोकला येत नाही, कफ साठून न्यूमोनिया होतो. बांधण्याने दुखणे कमी झाल्यासारखे वाटते, आणि दुखणे कमी झाले म्हणून दवाखान्यात जाणे लांबते, हे त्यातले आणखी मोठे नुकसान.

खानापूर तालुक्यातील एका गावचे एक शेतकरी माझ्या चांगले स्मरणात आहेत. शाकारणी करताना ते पडले, त्यांनी दोन दिवस छाती बांधून घरीच काढले आणि तिसऱ्या दिवशी एसटीने आले. ज्या दवाखान्यात ते पहिल्या दिवशी गेले होते, तिथे वेदनाशामक इंजेक्शन देऊन त्यांना परत पाठवले होते. क्ष-किरण खोलीच्या दारात ते डाव्या कुशीवर हात दाबून उभे होते. नाव विचारले, तर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांच्यामध्ये त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. उभ्याने काढलेल्या फिल्ममध्ये डावी बाजू खालून जवळजवळ अर्ध्यापर्यंत पांढरी होती आणि तिसऱ्या दिवसापर्यंत साचलेले ते रक्त, नळी घातल्यावर, काळसर रंगाचे, लिटरभराच्या वर निघाले. ते बरे होऊन घरी गेले. पण वाक्य पूर्ण करता न येणे ही खूण त्यांच्या घरच्यांनी आदल्या दिवशीच पाहिली होती; तिचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता, एवढेच.

क्ष-किरण कसा काढला, यावर निदान किती अवलंबून असते, हे माझ्या व्यवसायातल्या माणसाने सांगितलेच पाहिजे. रुग्णाला उभे करून किंवा बसवून फिल्म काढली, तर रक्त खाली उतरते आणि श्वासपटल व बरगड्या यांच्यामधला टोकदार कोपरा बोथट दिसतो. पण तेवढ्यासाठीही साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर रक्त साचलेले असावे लागते. रुग्ण आडवा असेल तर तेच रक्त फुप्फुसामागे पसरते, ती बाजू फक्त किंचित धूसर दिसते आणि लिटरभर रक्तही नजरेतून निसटू शकते. म्हणून फिल्मवर ‘उभ्याने’, ‘बसवून’ की ‘आडवे’ हे लिहिणे ही निव्वळ औपचारिकता समजू नये. मणक्याला मार लागल्याची शंका असेल तर रुग्णाला बसवता येत नाही, आणि ते योग्यच आहे; अशा वेळी सोनोग्राफी उपयोगी पडते. खाटेजवळच, काही मिनिटांत आणि अगदी थोडे रक्त असतानाही ती ते दाखवते. खालच्या बरगड्या मोडल्या असतील तर त्याच तपासणीत पोटही पाहून घ्यावे, कारण डावीकडे त्यांच्या आड प्लीहा असते आणि उजवीकडे यकृत.

शिवाय पहिल्या दिवशीचा क्ष-किरण निर्दोष असला म्हणजे प्रश्न मिटला असे होत नाही. बरगडी मोडलेल्या रुग्णाला काही तासांनी, काही दिवसांनी, कधी दोन आठवड्यांपर्यंतही नव्याने रक्तस्राव होऊ शकतो. कूस बदलताना किंवा जोरात खोकताना मोडलेले टोक हलते आणि रक्तवाहिनी फाटते. म्हणून घरी पाठवलेल्या रुग्णाला दम लागू लागला, श्वास घेताना एका बाजूला वाढती कळ येऊ लागली, घेरी आली, ओठ फिकट किंवा निळसर दिसू लागले, तर ‘कालच तर फोटो काढला’ असे म्हणून थांबू नये. फोटो पुन्हा काढावा लागतो.

आता उपचाराविषयी. छातीत नळी घालायची म्हटले की आपल्याकडे माणूस संपलाच असे समजून घरात रडारड सुरू होते, म्हणून हे सविस्तर लिहितो. काखेखाली, चौथ्या किंवा पाचव्या बरगडीखालच्या फटीत, जागा बधिर करून सुमारे १ सेंटीमीटर जाडीची नळी आत सरकवली जाते. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, म्हणून नळी नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून जाते. नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्याखाली बुडवलेले असते. त्यामुळे आतले रक्त आणि हवा बाहेर येते, पण बाहेरची हवा आत शिरत नाही. रक्त निघून गेले की दबलेले फुप्फुस फुगून छातीच्या भिंतीला टेकते आणि त्या टेकण्यानेच बारीकसारीक रक्तस्राव थांबायला मदत होते. छातीतल्या अशा रक्तस्रावाच्या ८५ टक्के किंवा त्याहून अधिक रुग्णांना एवढाच उपचार पुरतो. नळी घालताच १५०० मिलिलिटरच्या वर रक्त आले किंवा पुढे काही तास दर तासाला २०० मिलिलिटरच्या वर येत राहिले, तर मात्र छाती उघडून रक्तवाहिनी बांधावी लागते, आणि त्यासाठी मोठ्या रुग्णालयाला पर्याय नाही. आत गुठळ्या राहून गेल्या तर त्यांत पू होतो किंवा फुप्फुसावर जाड साल धरून ते आक्रसते. त्या गुठळ्या पहिल्या आठवड्यातच दुर्बिणीने काढणे सोपे जाते, महिन्याभराने नाही.

रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन स्वस्त आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, ४० देशांतील २० हजारांहून अधिक जखमींवरच्या चाचणीत त्यामुळे मृत्यू घटल्याचे दिसले. पण ते मार लागल्यापासून ३ तासांच्या आत द्यावे लागते, त्यानंतर ते अपायकारकही ठरू शकते. कणकुंबीहून किंवा भीमगड अभयारण्याच्या आतील गावांतून, जिथून पावसाळ्यात रुग्णाला खांद्यावरून आणावे लागते, तिथून निघालेल्या माणसासाठी हे ३ तास म्हणजे काय, हे खानापूर तालुक्यातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

नळी घातलेला रुग्ण तालुक्याहून बेळगावला किंवा मिरजेला हलवताना जे घडते ते पाहून मला नेहमी काळजी वाटत आली आहे. नातेवाईक कळवळ्याने बाटली उचलून रुग्णाच्या छातीवर ठेवतात, नाही तर रुग्णवाहिकेत चढवताना डोक्याच्या वर धरतात. बाटली छातीपेक्षा वर गेली की त्यातले पाणी आणि रक्त उलटे छातीत शिरू शकते. ती नेहमी छातीच्या खालच्या पातळीवर आणि उभी असली पाहिजे. नळीतल्या पाण्याची पातळी श्वासाबरोबर वरखाली होत असते; ती तशी होत राहणे चांगले, आणि अचानक थांबली तर नळी कुठे दुमडली आहे का ते पाहून लगेच सिस्टरना सांगावे. प्रवासात पाणी सांडू नये म्हणून नळीला चिमटा लावून ठेवण्याची पद्धतही काही ठिकाणी पाहिली आहे. फुप्फुसातून हवा गळत असेल तर चिमट्यामुळे ती हवा आत कोंडून हृदयावर दाब येतो, आणि रुग्ण वाटेतच दगावू शकतो. तसेच छातीत कोयता, सळई किंवा लाकूड रुतले असेल तर ते जागेवर उपटून काढू नये. न हलता राहील असे आधार देऊन तसेच आणावे.

आपल्या भागाची रचनाच अशी आहे, की जखमी माणूस जिल्ह्याच्या नव्हे तर अंतराच्या हिशेबाने हलतो. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला जातो, कागवाड-अथणीचा मिरजेला, खानापूरचा बेळगावला आणि महाराष्ट्रातील चंदगडचाही बेळगावलाच. यात गैर काही नाही, उलट तेच शहाणपणाचे आहे. पण १०८ हा एकच क्रमांक दोन राज्यांत दोन वेगळ्या यंत्रणा चालवतात. कर्नाटकात २००८ पासून आणि महाराष्ट्रात २०१४ पासून. सीमेलगतच्या वाड्यांत मोबाइलला पलीकडचा टॉवर लागतो, म्हणून फोन करणाऱ्याने गावाच्या नावाआधी राज्य, जिल्हा आणि तालुका सांगावा. या दोन यंत्रणांनी एकमेकींकडे फोन वळवण्याची सोय केली, तर त्यात सीमाप्रश्नावर कोणाचीही बाजू कमी-जास्त होत नाही. त्या प्रश्नावर माझे मत आहे, पण ते या पत्राचा विषय नाही.

माझे मागणे दोन्ही बाजूंच्या आरोग्य खात्यांकडे आहे. प्रत्येक तालुका रुग्णालयात चोवीस तास क्ष-किरण, योग्य मापाच्या नळ्या, सीलबंद बाटल्या आणि नळी घालण्याचा सराव असलेला एक तरी वैद्यकीय अधिकारी पाळीवर असावा. छातीत रक्त भरलेला रुग्ण नळी न घालताच तासाभराच्या प्रवासाला पाठवणे, केवळ ‘पुढे बघतील’ म्हणून, हे मला कधीही पटलेले नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठीच्या १९९४ च्या कायद्याने सोनोग्राफी यंत्रांच्या नोंदणीचे कडक नियम घातले आहेत, आणि ते हवेतच. त्या नियमांत राहून अपघात विभागासाठी एक नोंदणीकृत यंत्र ठेवता येते. रक्तपेढी शक्य नसेल तिथे रक्त साठवण्याचे केंद्र असावे. रुग्ण पुढे पाठवताना मार कधी लागला, नळीतून किती रक्त आले, कोणती औषधे किती वाजता दिली आणि रक्तगट कोणता, हे सारे एका कागदावर लिहून, फिल्मसह, सोबत द्यावे. आजकाल मोबाइलवर फिल्मचा फोटो पाठवतात. त्यात बोथट झालेला कोपरा दिसेलच याची खात्री नसते.

जखमीला उचलून नेणाऱ्यांनीही बिचकू नये. पोलीस येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केले आहे, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात घातलेल्या १३४-अ या कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींना नियुक्त रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना लागू आहे. ती दोन्ही राज्यांत असल्यामुळे कागवाडच्या जखमीने मिरजेतही तिची चौकशी जरूर करावी. शाकारणीवरून पडलेला किंवा बैलाने दाबलेला माणूस मात्र या योजनेत बसत नाही; त्याच्यासाठी राज्याच्या योजनेचे कार्ड लागते, आणि ते कार्ड सीमेपलीकडे चालेल की नाही या विचारात घरचे लोक निघायलाच उशीर करतात. जीवघेण्या जखमांपुरती तरी ही कार्डे दोन्ही राज्यांनी एकमेकांकडे मान्य करावीत.

शेवटची मागणी अगदी कमी खर्चाची आहे. छातीला मार लागून तपासणीनंतर घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापलेली एक चिठ्ठी द्यावी, कारण ती वाचून दाखवणारे बहुधा शाळकरी नातवंड असते आणि ऐकणारी आजी एकच भाषा जाणते. तिच्यात एवढेच असावे: छाती बांधू नका, चोळू नका; वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या, म्हणजे मोकळा श्वास घेता येईल आणि खोकता येईल; एका दमात वाक्य पूर्ण होत नसेल, नाडी जलद चालत असेल, अंगाला गार घाम सुटला असेल किंवा घेरी आली असेल, तर रात्र असली तरी निघा; रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा. आरोग्य खात्याची चिठ्ठी निघेपर्यंत आपल्या दैनिकाने हंगामभर अपघाताच्या बातम्यांच्या पानावर हाच मजकूर चौकटीत छापावा, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ,
खानापूर तालुका, जि. बेळगाव